निरंक

लोणारला आकाशातून दगड पडला तर त्याचं तळं झालं, तळ्याला पाट्या लागल्या, पाट्यांखाली चहाच्या टपऱ्या आल्या. तिथून वीस-बावीस किलोमीटरवर, बीबी गावाच्या अलीकडे, उकंडरावाच्या वावरात चाळीस वर्षांपूर्वी हवाई दलाचं आख्खं लढाऊ विमान पडलं, तर त्याची नुसती वाट झाली. तीही एका गाडीपुरती.

वाटेचा हिशेब साधा होता. वरचं वावर चुलतभावाचं, भागवतचं. खालचं तीन एकर उकंडरावाचं. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेंदूर फासलेला एक दगड. विमानाबरोबर जळालेला पायलट त्या दगडाखाली पुरलेला, असं गाव मानत होतं आणि त्याला विमानबुवा म्हणत होतं. बुवाच्या दर्शनाला जायचं तर भागवतच्या वावरातूनच जावं लागायचं. देवाची वाट कोणाला अडवता येत नाही, म्हणून त्याच वाटेनं बुवाच्या मागोमाग उकंडरावाची गाडी, नांगर, खत आणि थ्रेशर अशी सगळी भक्तमंडळी खाली उतरायची.

दर सर्वपित्रीला उकंडरावाची आई कौशल्याबाई घरच्या पितरांसोबत बुवाचंही पान मांडायची. फौजी माणूस म्हणून त्यात एक उकडलेलं अंडं असायचं. कावळा दरवर्षी पहिल्याच फटक्यात शिवायचा, त्यावरून बुवा तृप्त आहे हे सिद्ध व्हायचं. बुवाची जात कोणालाच माहीत नव्हती, म्हणून ती वरचीच असणार असं धरलेलं होतं.

यंदा सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव वावराकडे निघाला, तर वाटेवर कमरेएवढ्या बाभळीच्या काट्या रचलेल्या. पलीकडे भागवत मोटरसायकलवर बसून तंबाखू मळत होता.

"काट्या काढ, भागवत."

"काऊन?"

"सोयाबीन सोंगून पडलं हाय. थ्रेशर येऊन राह्यलं दोन दिवसांत. आभाळ पाह्य."

"मंग वरून आण ना थ्रेशर. तुह्या बुवाले सवय हाय वरून याची."

"हे वाट बुवाची हाय. देवाची वाट बंद नाई करता येत."

भागवतनं तंबाखू ओठात सरकवली. "देव होयाले आधी मरा लागते, दादा," तो म्हणाला, आणि किक मारून गेला.

त्याचा अर्थ उकंडरावाला तेव्हा कळला नाही. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काट्यांतूनच घुसला. चोपन्न वर्षांचा जड माणूस, अर्ध्यात अडकला. पुढे जावं तर मांडी फाटे, मागे यावं तर पाठ. शेवटी बायको आशाबाईनं विळ्यानं फांद्या तोडून त्याला बाहेर काढला. दुपारी लिंबाखाली त्याचा तळपाय मांडीवर घेऊन ती सुईनं काटे टोकरत बसली.

"चार निंघाले. पाचवा राहू द्या."

"काऊन?"

"भागवतची आठवन राहीन."

मजूर बाया नाल्यातून वळसा घालून आल्या. नाल्यात पोटरीइतका गाळ. जनकाबाई पुढे, तिच्यामागे पाच जणी, लुगडी खोचलेल्या, विळे डोक्यावर. सोंगणी झालीच होती; आता जागोजागचे ढीग गोळा करून एका जागी सुडी लावायची होती. वाळलेल्या शेंगांची टोकं हाताला टाचण्यांसारखी टोचत. बाया कवळे छातीशी धरून आणत आणि जनकाबाई सुडीवर उभी राहून ते रचत होती. दगडाजवळून जाताना ती न सांगता चार हात लांबून जायची. बुवाला तिचा विटाळ चालत नाही, हे कौशल्याबाईच्या नवऱ्यानं फार पूर्वी ठरवून दिलं होतं. तो गावचा पोलीसपाटील होता, आणि देवांच्या वतीनंही तोच बोलायचा.

तिसऱ्या प्रहरी लोणारकडून ढग चढले. बाया कपाळावर हात धरून वर पाहू लागल्या.

"नाल्याले पानी येईन, भाऊ," जनकाबाई म्हणाली. "अंधाराच्या आत पलीकडं जाऊ द्या."

"जा. पळा," उकंडराव म्हणाला. "तुह्या बापाचाच गुन हाय तो."

जनकाबाईचा बाप भाऊराव याच घरचा सालदार होता. ती सहा वर्षांची असताना साल अर्ध्यात टाकून तो पळाला, कोणी म्हणे सुरतेला, कोणी म्हणे बाई ठेवली. तेव्हापासून गावात काहीही हरवलं की तिच्या घराकडे बघायची पद्धत होती.

जनकाबाई सुडीवरून खाली उतरली. "पळता येत असतं त तुमच्या वावरात राह्यलो असतो का, भाऊ?" एवढं म्हणून ती नाल्याकडे चालू लागली.

उकंडरावानं तहसीलला अर्ज दिला. विषय : विमानबुवा देवस्थानाकडे जाणारी पूर्वापार वहिवाटीची वाट अडविल्याबाबत. सुडी उघड्यावर आहे म्हणून तातडीनं, असं दोनदा लिहिलं. शुक्रवारी मंडळ अधिकारी स्वतः येईन म्हणाला. उकंडरावानं थ्रेशरवाल्यालाही शुक्रवारचाच वायदा केला.

शुक्रवारी हवा बंद पडलेली. अंगाला शर्ट चिकटत होता. मंडळ अधिकारी मोटरसायकलवरून आला. बारीक, चष्मेवाला, बगलेत फाईल. त्यानं काट्या पाहिल्या, दगड पाहिला, दगडाला नमस्कार करावा की न करावा याचा विचार केला आणि चष्मा पुसला. वाटेच्या तोंडाशी थ्रेशर येऊन उभं होतं. ड्रायव्हर हॉर्नवर कोपर टेकून बसला होता. कौशल्याबाईला बाजेवर बसवून चार जणांनी नाल्यातून वळसा घालून आणलं होतं. म्हातारी साक्षीदार होती.

"तर ही समाधी," अधिकारी म्हणाला. "समाधी आहे म्हणून वाट आहे. बरोबर? मग सोप्पं आहे."

"सोपं नाई साहेब," मागून भागवत म्हणाला.

तो एका पांढऱ्या गाडीतून उतरला होता. त्यानं मागचं दार उघडून धरलं. सत्तरीचा एक ताठ म्हातारा काठी टेकत बाहेर आला. डोक्याला टोपी, बूट चकचकीत, मिशा मोजून कापलेल्या.

"हे घ्या," भागवत म्हणाला. "तुमचे बुवा."

म्हातारा तरातरा दगडापर्यंत आला. शेंदूर, कालचं सुकलेलं फूल, सर्वपित्रीच्या पत्रावळीवर उरलेलं अंड्याचं टरफल त्यानं काठीच्या टोकानं एकेक करून पाहिलं.

"हा काय मूर्खपणा आहे?" तो पुणेरी मराठीत म्हणाला. "मी इजेक्ट झालो होतो. पॅराशूटनं तिकडे, नदीपलीकडे उतरलो. संध्याकाळी जीप आली, रात्री तळावर जेवलोसुद्धा."

"साहेब, तुमचं विमान दुसरं असन," उकंडराव म्हणाला.

"तारीख सांगतो. पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळी दहा चाळीस. इंजिनात पक्षी गेला."

"पक्षी बी दुसरा असन."

"अहो, मी जिवंत आहे!"

"ते तुम्ही म्हन्ता."

इथं मंडळ अधिकाऱ्यानं मध्ये पडून कागदपत्र मागितलं. विमानवाल्या साहेबानं चिडून पाकिटातून आधार काढलं, मग मोबाईलमध्ये पेन्शनसाठी दिलेला हयातीचा दाखलाही दाखवला. अधिकाऱ्यानं तो वाचला आणि उकंडरावाकडे दिला. उकंडरावानं मोबाईल लांब धरून वाचला.

"हा मागच्या नोव्हेंबरचा हाय," तो म्हणाला.

आशाबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती हे पदरामुळे कळेना. "चाळीस वर्सं अंडं ठेवलं याले," ती म्हणाली.

"मी अंडं खात नाही," साहेब म्हणाला.

भागवतनं आता खिशातून घडी घातलेला कागद काढला. माहितीच्या अधिकारात मिळवलेली जुन्या पंचनाम्याची नक्कल. त्यानं ती मोठ्यानं वाचली. "वैमानिक सुखरूप. पिकाचे नुकसान दोन एकर. जीवितहानी निरंक. सही, पोलीसपाटील." त्यानं कागद उकंडरावाच्या नाकापुढे धरला. "तुह्या बापाची सही हाय, दादा. तुह्या बापाले माहीत होतं कोनी मेलं नाई म्हून. मेलं नाई त समाधी नाई. समाधी नाई त वाट नाई. थ्रेशर वापस ने बे!" शेवटचं वाक्य ड्रायव्हरला होतं.

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

"थांब!" उकंडराव ओरडला. ढग आता डोक्यावर होता. पलीकडे बाया सुडीजवळ ताडपत्रीची घडी उलगडत होत्या. तीन एकरांचं सगळं पीक त्या एका ढिगात होतं. एक रात्र भिजलं की शेंगेतच कोंब फुटणार. त्याला काहीही करून तिथं एक मेलेला माणूस हवा होता. "कोनी मेलं नाई कसं? माय, तू सांग यांना. तुवा सोता पाय धुतला होता ना? सांग. घाबरू नको."

कौशल्याबाई बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"राहू दे, उकंडा," ती म्हणाली.

"राहू दे कसं? सांग! साहेब, माह्या मायनं पाहेल हाय. जळेल मानूस होता. अर्धा कपडा अन् एक पाय धड होता. मायनं हळद लावून मांडला होता तो."

मंडळ अधिकाऱ्यानं पेन उघडलं. "आजी, खरं आहे हे?"

"हाव."

"पण विमानात मी एकटाच होतो," साहेब म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "सिंगल सीटर."

"मालूम हाय मले," म्हातारी म्हणाली. "त्या पायाले भेगा होत्या. इमानातल्या मानसाच्या टाचेले भेगा नसतात. भेगात मेन भरलं होतं. पोळ्याच्या सांजेले म्या सोताच्या हातानं देल्लं होतं ते मेन. भाऊरावले."

थ्रेशरचं इंजिन धडधडत होतं. ड्रायव्हरनं ते आपणहून बंद केलं.

"माय, तुले काई समजत नाई," उकंडराव घाईनं म्हणाला. "कर होती त्या दिवशी. पोळ्याच्या करीले वावरात कोनी पाय ठेवत नाई. सालदारबी नाई."

"हेच तुह्या बापानं सांगतलं मले. आज कर हाय, वावरात कोन असते, म्हने. पन सकाळीच त्यानं भाऊरावले पाठोलं होतं. वान्नेरं कनसं खाऊन राह्यले म्हून. मी भाकर बांधून देल्ली." ती नदीकडे पाहत होती. "पाय दाखोला त्याले. म्हने, पायलट हाय. तोंड उघडलं त करीच्या दिवशी मानूस राबोला म्हून गाव थुंकन, पोलीस येतीन. मंग म्या पान मांडलं. दरसाल मांडलं."

जनकाबाई ताडपत्रीचं टोक हातात धरून सुडीपाशी उभी होती. तिथपर्यंत सगळं ऐकू येत होतं. तिनं टोक सोडलं नाही, पण ओढायची थांबली. बाकीच्या बायाही थांबल्या.

आणि मग धुऱ्यावर एक गंमत झाली. सहा वर्षं एकमेकांच्या बांधावर थुंकणारे दोघे भाऊ एकदम एका बाजूला आले.

"म्हातारी हाय साहेब, ऐंशीले टेकली," भागवत म्हणाला. "काहीबी बोलते."

"हाव," उकंडराव म्हणाला. "ध्यानात नाई राहत तिच्या."

"भाऊराव पळाला होता. सगळ्या गावाले माहीत हाय."

"सुरतेले."

"सुरतेलेच."

"माझ्या रिपोर्टमध्येही कॅज्युअल्टी निल आहे," साहेब म्हणाला. त्याला खाली बसावंसं वाटत होतं, पण बसायला त्या एका दगडाशिवाय काही नव्हतं. "खाली वस्ती होती. मी शेवटच्या क्षणापर्यंत थांबून नाक वळवलं. रिकाम्या रानाकडे. त्याचं पदक आहे माझ्याकडे."

मंडळ अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं. "तर मग सगळ्यांचं एकमत आहे," तो सुटल्यासारखा म्हणाला. "जुन्या पंचनाम्याप्रमाणे. निरंक."

जनकाबाई चालत आली. सोयाबीनचा भुसा तिच्या दंडांना, मानेला घामानं चिकटला होता. दगडापासून चार हातांवर ती सवयीनं थांबली. मग ते चार हातही चालून आली आणि दगडाला लागून, वाटेच्या बरोबर मधोमध, मांडी घालून बसली.

"साहेब," तिनं म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्ही नाक वळोलं ना? कोनाकडं वळोलं?"

साहेबानं काठीवरचा हात बदलला. मिशा हलल्या फक्त.

"जनकाबाई, उठ," उकंडराव म्हणाला. "पानी येऊन राह्यलं. सुडी झाक आधी. मंग पाहू आपन हे."

"बाई, वाटेतून उठ," भागवत म्हणाला.

"नाव लिहा," जनकाबाई अधिकाऱ्याला म्हणाली. "मंग उठतो."

"बाई, मला तो अधिकारच नाही. मृत्यूची नोंद वेगळी, तिचं ऑफिस वेगळं. माझ्याकडे फक्त रस्त्याचं काम."

"मंग रस्त्यात लिहा."

अधिकाऱ्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. नोकरीत त्याला पहिल्यांदाच एक नवी कल्पना सुचली होती आणि ती त्याला आवडत नव्हती. "लिहिता येईल," तो हळूच म्हणाला. "'भाऊराव सालदार यांच्या समाधीकडे जाणारी वहिवाटीची वाट.' समाधी झाली, म्हणजे वाटही झाली. काट्या आत्ताच्या आत्ता काढाव्या लागतील. पण अर्जदारानं सही करावी लागेल. की दगडाखाली भाऊराव आहे, आणि त्याला वडिलांनी पुरलं, हे मला मान्य आहे."

त्यानं दोन ओळी लिहिल्या आणि कागद मोटरसायकलच्या सीटवर ठेवला. पेन उकंडरावाकडे केलं.

भागवत घाईनं जवळ आला. "दादा, सही करू नको. काकाच्या नावाचा इचार कर. आख्ख्या घरान्याले काळं लागन."

"तू काट्या काढतू का मंग? सही न करता?"

भागवतनं मान फिरवली.

पहिला थेंब कागदावर पडला. लिहिलेल्यातलं 'समाधी' फुगलं. उकंडरावानं पेन घेतलं. खाली वाकला. त्याचा हात, विळा धरून धरून जाड झालेला, कागदाच्या वर थांबला. सुडीकडे पाहिलं. मग त्यानं पेन परत अधिकाऱ्याच्या खिशाला लावलं.

"माह्या बापानं कोनाले पुरलं नाई," तो म्हणाला. "भिजू द्या."

"अवो!" आशाबाई किंचाळली. "वर्साचं पीक हाय ते!"

"भिजू द्या म्हनलं ना!"

"खालचं वावर कोनाच्या नावावर हाय, साहेब?" बाजेवरून कौशल्याबाईनं विचारलं.

अधिकाऱ्यानं फाईलमधला सातबारा पाहिला. नवऱ्यामागे तिचं नाव लागलं होतं आणि मुलाच्या नावावर करायचं राहून गेलं होतं, जसं सगळीकडे राहतं. "तुमच्याच, आजी."

"मंग शाई आना."

"माय!" उकंडराव पुढे झाला. आशाबाई त्याच्या छातीशी आडवी आली. तो तिला ढकलणार होता, पण चार माणसं बघत होती आणि त्यातला एक हवाई दलातला होता.

शाईची डबी फाईलबरोबरच होती. म्हातारीनं अंगठा बुडवला, अधिकाऱ्यानं धरलेल्या कागदावर टेकवला, आणि जरा वेळ तिथंच दाबून ठेवला. "मांड बापू," ती अधिकाऱ्याला म्हणाली, "भाऊराव. नीट मांड. अन् वाचून दाखव तिले."

त्यानं वाचून दाखवलं. जनकाबाईनं ऐकलं आणि पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटून घेतले होते. मग एक हात दगडावर टेकून ती उठली. तळहाताला शेंदूर लागला, तो तिनं लुगड्याला पुसला नाही.

"जनका," कौशल्याबाई म्हणाली. "माह्यावर राग हाय का तुहा?"

"हाव," जनकाबाई म्हणाली.

अधिकाऱ्यानं फर्मावलं तशा भागवतनं स्वतःच्या हातानं काट्या ओढून बाजूला केल्या. त्याचे दोन्ही हात ओरखडले. साहेब केव्हा गाडीत जाऊन बसला ते कोणी पाहिलं नाही. काच वर केलेली होती आणि आत तो टोपी मांडीवर घेऊन सरळ समोर बघत होता.

पाऊस ठिबकता ठिबकता धरायला लागला. थ्रेशर हेलकावे खात मोकळ्या वाटेनं आत आलं, दगडाला वळसा घालून उतरलं आणि सुडीला लागून उभं राहिलं. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"काकाजी, मानसं कुठं हायेत? कवळे कोन टाकते?"

जनकाबाई विळा डोक्यावर ठेवून वाटेला लागली होती. तिनं कोणाला हाक मारली नव्हती. तरी सुडीपाशी राहिलेल्या पाची बायांनी ताडपत्री खाली ठेवली, पदर खोचले आणि तिच्या मागे चालू लागल्या. नाल्यातून जायची आता गरज नव्हती. कोणाची हरकत नसलेल्या, रुंद, मोकळ्या वाटेनं त्या सहा जणी गावाकडे गेल्या.

उकंडरावानं ताडपत्रीचं एक टोक धरलं. दुसरं टोक वाऱ्यावर उडालं, तिसरं चिखलात. त्यानं बायकोकडे पाहिलं.

आशाबाई पावसात दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती.

"भेटली ना वाट?" ती म्हणाली. "घ्या मंग. पांघरा सुडीवर."